घाट उतरल्यावर नेट कसं टिकवायचं: इंदूरहून निघणाऱ्या कॅम्पर व्हॅनसाठी

खंडवा रोडने निघालं की सिमरोलपर्यंत नेटची आठवणसुद्धा होत नाही. भेरूघाटात दोन वळणं उतरली की फोनवरच्या काड्या एकेक करून गळतात आणि चोरलच्या खोलगटात मीटिंगमधला चेहरा गोठून बसतो. यात कंपनीचा दोष थोडा, जमिनीचा जास्त. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, साधारण ५५० मीटर उंचीवर. महेश्वर नर्मदेकाठी, दीडशे मीटरच्या आसपास. मध्ये विंध्याची कड. पठारावरच्या टॉवरच्या लहरी त्या कडेवरून सरळ पुढे निघून जातात, खाली दरीत फारशा वळत नाहीत. मांडूच्या खोहात, पचमढीच्या उतारांवर, पातालकोटच्या तळाशी हाच मामला.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जागा, मग सिम, मग अँटेना आणि सगळ्यात शेवटी राउटर. दुकानात हाच क्रम उलटा विकला जातो. गाडी दोनशे मीटर पुढे-मागे घेऊन जे साधतं ते पुष्कळदा महागड्या डब्याने साधत नाही.

शनिवार-रविवार मांडूला जाऊन यायचं असेल तर पुढचं निम्मं सोडून द्या. दोन कंपन्यांची सिमं, फोनचा हॉटस्पॉट आणि एक चांगली पॉवर बँक एवढं पुरतं. व्हॅनमधून रोज काम करायचं असेल, आठवडाभर बाहेर राहायचं असेल, तर मात्र नीट बसवा.

सिम कोणती

एकाच कंपनीची दोन सिमं म्हणजे एकाच टांग्याला दोन लगाम. टॉवर गेला की दोन्ही जातात. दोन वेगळ्या कंपन्या हव्यातच, आणि जंगल-आदिवासी पट्ट्यात जायचं असेल तर तिसरं सिम बीएसएनएलचं. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ रोजी रीतसर सुरू झालं. त्याआधीचा तुमचा अनुभव जुना धरा आणि नव्याने तपासा.

सरकारी निधीतून दुर्गम गावांत उभारलेल्या ४जी टॉवरवर १७ जानेवारी २०२५ पासून जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल या तिघांच्या ग्राहकांना एकमेकांचा टॉवर वापरण्याची सोय आहे. तिचा फायदा मिळायचा तर फोन आणि राउटरमध्ये नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. कुणीतरी कधीतरी ती हाताने एकाच कंपनीवर लावून ठेवलेली असते आणि शेजारचा टॉवर दिसत असून नेट येत नाही.

कोणती कंपनी कुठल्या लहरींवर चालते हे माहीत असणं कामाचं. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी लांब जातात, झाडीतून आणि टेकडीच्या कडेवरून थोड्याफार झिरपतात. वेग मात्र बेताचा. १८०० आणि २१०० दोन्ही बाबतीत मध्यम. २३०० ला वेग भरपूर, पल्ला कमी. ५जीचा ३५०० तर शहराचाच गडी, घाटात त्याची वाट पाहू नका. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० वर. एअरटेलचं ९००, १८००, २१०० आणि २३०० वर. बीएसएनएलचं ७०० आणि २१०० वर. राउटरच्या खोक्यावर हेच बँडच्या क्रमांकांत लिहिलेलं असतं: बँड २८ म्हणजे ७००, ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, ३ म्हणजे १८००, १ म्हणजे २१००, ४० म्हणजे २३००. युरोपच्या बाजारासाठी काढलेल्या बऱ्याच राउटरांत बँड ५ नसतो. असा राउटर ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून घेतला तर जिओचा सगळ्यात लांब जाणारा बँडच हातचा जातो, आणि घाटात नेमका तोच लागतो.

रोजच्या डेटाची मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा मजकूर कसाबसा जातो, बाकी काही नाही. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण १ जीबी धरा. म्हणजे ‘रोज २ जीबी’चा प्लॅन दोन मीटिंगमध्ये संपला. कामाच्या सिमवर मोठा प्लॅन, पर्यायी सिमवर लहान, आणि वरून टाकायचं डेटा व्हाउचर रेंजमध्ये असतानाच टाकून ठेवा. रेंज नसताना रिचार्जही होत नाही, हे प्रत्येकाला एकदाच कळतं. लडाख-काश्मीरचा बेत असेल तर मध्य प्रदेशचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. पोस्टपेड चालतं.

राउटर

घ्यायच्या आधी चार गोष्टी बघा: वर सांगितलेले बँड, बाहेरच्या अँटेनासाठी दोन एसएमए सॉकेट (केबल आटे फिरवून लावायच्या छोट्या गोल जोडण्या), दोन सिमांची सोय, आणि वीज किती व्होल्टची लागते ते. ‘कॅट ४’ राउटर एका वेळी एकच बँड वापरतो, ‘कॅट ६’ दोन बँड जोडतो. टॉवर गजबजलेला असेल, उदाहरणार्थ सणासुदीला ओंकारेश्वरात, तर कॅट ६ चा फरक जाणवतो. निर्जन जागी एकच बँड पोचत असेल तर काही फरक पडत नाही.

दोन सिमांचे बहुतेक राउटर एका वेळी एकच सिम चालवतात. दुसरं पहिलं बंद पडल्यावर उठतं, आणि उठायला अर्धा-एक मिनिट घेतं. मीटिंग तेवढ्यात तुटतेच. दोन्ही एकदम हवीत तर दोन मोडेमचा (मोडेम म्हणजे राउटरमधला टॉवरशी बोलणारा भाग) राउटर किंवा, सोपा उपाय, राउटरमध्ये एक सिम आणि फोनमध्ये दुसरं.

राउटरमध्ये सिम घातल्यावर एपीएन, म्हणजे नेटला जोडायला कंपनीने ठरवलेलं नाव, हाताने तपासा: जिओला jionet; एअरटेलला airtelgprs.com; बीएसएनएलला bsnlnet. सगळी लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा नाही. जोडणीचा प्रकार ‘आयपीव्ही४/आयपीव्ही६’ (इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी आणि नवी पद्धत) असा दोन्ही ठेवा. नुसतं आयपीव्ही४ ठेवलं की जिओवर कधी कधी सिग्नल पूर्ण आणि पानं मात्र उघडत नाहीत असा चमत्कार दिसतो.

नॅनो सिम मोठ्या खाचेत बसवायला प्लास्टिकचा अडॅप्टर वापरलात तर मागून पातळ चिकटपट्टी लावा. नाहीतर सिम काढताना आत पिना अडकतात आणि वाकतात. अशा वाकलेल्या पिनेला दुकानात इलाज नसतो.

काड्या नव्हे, आकडे

काड्या बघून ठरवू नका. प्रत्येक फोन त्या आपल्या मर्जीने दाखवतो. दोन आकडे बघा. एक आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा आवाज किती जोरात येतो. उणे ८० किंवा त्याहून बरा, म्हणजे शून्याच्या जवळ, असेल तर उत्तम, उणे १०० म्हणजे काम चालेल, उणे ११० ला मीटिंग अडखळेल, उणे १२० ला संपलं. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गलबल्यात तो आवाज किती स्वच्छ ऐकू येतो. २० च्या वर छान, १० च्या आसपास बरा, शून्याच्या खाली गेला की जोरात येऊनही उपयोग नाही.

दोन्ही आकडे राउटरच्या पानावर असतात. अँड्रॉइड फोनवर ‘नेटवर्क सेल इन्फो’ किंवा ‘सेलमॅपर’सारखं ॲप घ्या. आयफोनवर डायलमध्ये *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबा (आकडे इंग्रजी).

नवख्याला इथेच चकवा बसतो. मांडूला रूपमती मंडपाच्या उंचीवर, किंवा धूपगडच्या बाजूला, सगळी निमाड नाहीतर सगळी सातपुडा समोर पसरलेली. वाटतं, इथे नेट पळेल. फोनला काड्या पूर्ण आणि यूट्यूब फिरत राहतं. कारण उंचावर पाच-सहा टॉवर एकदम ऐकू येतात, एकमेकांवर ओरडतात, आणि एसआयएनआर कोसळतो. मोठ्या पाण्याकाठी, इंदिरा सागरच्या हनुवंतियाला, तसंच: पाण्यावरून लांबचे टॉवर सरपटत येतात. अशा ठिकाणी गाडी थोडी खाली, टेकडीच्या एकाच उताराला घ्या, म्हणजे मागचे टॉवर टेकडी अडवेल. किंवा एका दिशेचा अँटेना लावा.

अँटेना, केबल आणि तो फसवा कनेक्टर

व्हॅनचं अंग पत्र्याचं. आत ठेवलेला राउटर म्हणजे डब्यात ठेवलेला रेडिओ. अँटेना बाहेर काढणं हाच सगळ्यात मोठा फायदा, ‘किती डीबीआय’ (अँटेनाची ताकद मोजायचं माप) हा प्रश्न नंतरचा.

दोन प्रकार पुरेत. टपावर कायमचा बसवायचा चौफेर अँटेना: चालत्या गाडीत हाच चालतो, कारण दिशा बदलत राहते. एकाच कवचात दोन अँटेना आणि दोन केबली असलेला ‘माइमो’ घ्या. चुंबकाचा अँटेना लोखंडी टपावर छान बसतो आणि खालचा पत्रा त्याला मदतही करतो. फायबरच्या टपावर तो बसतही नाही आणि नीट चालतही नाही. तिथे ‘ग्राउंड प्लेन (म्हणजे खालचा पत्रा) लागत नाही’ असा प्रकार मागा.

मुक्कामासाठी एका दिशेचा. यागी आणि लॉग पिरियॉडिक असे दोन मिळतात. यागी ठरावीक बँडपुरता आणि अरुंद नजरेचा. तुमचा बँड नक्की नसेल तर घेऊ नका. लॉग पिरियॉडिक ७०० पासून २७०० पर्यंत सगळं ऐकतो आणि त्याची नजर साठेक अंशांची रुंद असते, त्यामुळे दिशा थोडी चुकली तरी चालतं. दोन नग घ्या आणि एकमेकांना काटकोनात, एक ४५ अंश डावीकडे आणि एक ४५ अंश उजवीकडे कललेला असे लावा. दोन्ही उभे लावले तर दुसऱ्याचा फायदा जवळजवळ बुडतो.

आता केबल. इंदूरच्या जेल रोडवर तयार केबल मागितली की काळी, बारीक, स्वस्त आरजी-५८ हातात येते. १८०० मेगाहर्ट्‌झला ती मीटरमागे पाऊण डेसिबलच्या पुढे खाते. पाच मीटरला चार डेसिबल गेले. ३ डेसिबल म्हणजे निम्मा सिग्नल, हे लक्षात घेतलं तर ११ डीबीआयच्या अँटेनाचा निम्म्याहून जास्त माल वाटेतच सांडला. एलएमआर-२०० ही चांगल्या प्रतीची केबल मीटरला अर्धा डेसिबल खाते, एलएमआर-४०० जेमतेम ०.२. चारशे जाड आणि ताठ असते, खिडकीच्या फटीतून वळत नाही. त्यामुळे शहाणपणाचा नियम असा: अँटेनाची केबल दोन-तीन मीटरच ठेवा, दोनशे वापरा, आणि राउटरच अँटेनाच्या जवळ न्या. लांबी हवीच तर ती लॅन केबलने द्या. तिला ९० मीटरपर्यंत काही होत नाही. खांबावर चढवायचा पाण्यापासून सुरक्षित राउटर मिळतो, लॅन केबलमधूनच त्याला वीजही जाते. कायम राहणाऱ्यांनी हाच घ्यावा.

आणि कनेक्टर. एसएमए आणि आरपी-एसएमए बाहेरून जुळे भाऊ. दोन्ही एकमेकांवर फिरून घट्ट बसतात. पण भिंग नाहीतर फोनचा कॅमेरा लावून आत बघा: खरा एसएमए नर, म्हणजे आतून आटे असलेला, त्याच्या मधोमध सोनेरी पिन असते. आरपीमध्ये तिथे भोक असतं. वायफायच्या अँटेनाला बहुधा आरपी असतो, ४जीच्या सॉकेटला साधा. चुकीची जोडी लावली की भोकासमोर भोक येतं, स्पर्शच होत नाही, आणि माणूस दोन दिवस कंपनीला शिव्या घालत बसतो. घेताना दुकानातच आत बघा. बसवताना बोटांनी घट्ट करा आणि पान्याने फार तर आठवा हिस्सा फेरा द्या. जास्त आवळलं की राउटरमधला सॉकेट आतल्या सर्किटच्या पाटीवरून सुटतो.

टपावरून केबल आत येते तिथे आधी ती प्रवेशाच्या खाली झोका देऊन मग वर आत घ्या, म्हणजे पावसाचं पाणी झोक्याच्या टोकाला ठिबकेल. बाहेरच्या प्रत्येक जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळा. नुसती काळी इन्सुलेशन टेप मे महिन्यात वितळून सुटते, जुलैत आत पाणी जातं, आणि बाहेरून चांगली दिसणारी केबल आतून हिरवी पडलेली असते.

वीज

बहुतेक राउटर ‘१२ व्होल्ट’ म्हणतात, म्हणजे नेमके १२. गाडीत तसं कधीच नसतं: चालत्या गाडीत १४.४ च्या आसपास, लिथियम बॅटरी चार्ज होताना १४.६ पर्यंत, स्टार्टर मारताना ९-१० पर्यंत खाली. थेट जोडलेला राउटर एक तर जळू शकतो, नाहीतर प्रत्येक वेळी सेल्फ मारला की बंद होऊन परत उठतो. मध्ये ‘बक-बूस्ट’ कन्व्हर्टर लावा: आत ९ ते १८ व्होल्ट काहीही येवो, बाहेर १२ स्थिर. ३ अँपिअरचा पुरतो. ज्या राउटरवर ‘९ ते ३० व्होल्ट’ लिहिलेलं आहे त्याला थेट जोडता येतं. बॅटरीच्या जवळ ३ अँपिअरचा फ्यूज लावा, तार १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची घ्या.

इन्व्हर्टर चालू करून त्यावर राउटरचा अडॅप्टर लावू नका. इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच १०-२० वॉट खातो, म्हणजे राउटरएवढे किंवा त्याहून जास्त. १० वॉटचा राउटर दिवसभर चालवला तर २४० वॉट-तास, १२ व्होल्टवर साधारण २० अँपिअर-तास. शंभराच्या लिथियम बॅटरीचा पाचवा हिस्सा. रात्री बंद ठेवलात तर त्याहून कमी.

राउटर टपाच्या लगेच खालच्या कपाटात बसवू नका. उन्हाळ्यात बाहेर ४२ अंश असताना ती जागा भट्टी होते. मोडेम तापला की आपला वेग स्वतःच कमी करतो, मग बंद पडतो. ‘सकाळी चालतं, दुपारी मरतं’ अशी तक्रार असेल तर टॉवरला दोष देण्याआधी राउटरला हात लावून बघा. बाकाखाली, जाळीच्या दाराआड, उभा ठेवा.

मुक्कामी पोचल्यावर

इंजिन बंद करण्याआधी, अजून हात-पाय मोकळे व्हायच्या आत, हे करा. दोन्ही कंपन्यांचे फोन हातात घेऊन गाडीभोवती पन्नास पावलं चारी दिशांना चाला आणि आरएसआरपी व एसआयएनआर बघा. महेश्वरला किल्ल्याच्या दगडी भिंतीच्या सावलीत गाडी लावायचा मोह होतोच. भिंतीच्या पायथ्यापासून पन्नास पावलं सरकून आकडे पुन्हा बघा, मग ठरवा. चांगली जागा सापडली की गाडी तिथे आणा, अँटेना असलेली बाजू मोकळ्या दिशेला.

मग एका दिशेचा अँटेना खांबावर चढवा. तीन ते पाच मीटरचा, दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा खांब पुरतो. वर विजेच्या तारा नाहीत ना, हे खांब उघडायच्या आधी बघा, नंतर नव्हे. टॉवर दिसत असेल तर त्याच्याकडे तोंड करा. दिसत नसेल तर अँटेना ३० अंशांनी फिरवा, प्रत्येक जागी ४० सेकंद थांबा (मोडेमला आकडा स्थिर करायला वेळ लागतो, घाईने फिरवलं की मागचाच आकडा दिसतो), आणि एसआयएनआर कागदावर लिहा. बारा आकडे होतात. सगळ्यात मोठ्या आकड्याच्या आसपास १०-१० अंशांनी पुन्हा. घाटात सगळ्यात चांगली दिशा पुष्कळदा टॉवरची नसतेच. समोरच्या कातळावर आपटून परत येणाऱ्या सिग्नलची असते. आकड्यावर विश्वास ठेवा.

शेवटी राउटरमध्ये बँड हाताने बदलून बघा. राउटर सवयीने सगळ्यात जोरदार बँड पकडतो, आणि संध्याकाळी गावातले सगळे फोन त्याच बँडवर असतात. जोर थोडा कमी असलेला दुसरा बँड जास्त वेग देऊ शकतो. प्रत्येक बँडवर वेगाची चाचणी तीनदा घ्या. अपलोड बघायला विसरू नका. मीटिंगमध्ये आपला चेहरा गोठतो तो अपलोडमुळे, आणि डाउनलोड ३० असून अपलोड अर्धा अशी जागा कामाची नाही. निघताना तो बँडचा पक्का निवडलेला पर्याय परत ‘ऑटो’ करा, नाहीतर पुढच्या गावात नेटच येणार नाही.

राउटर चालू आणि फोनचा स्वतःचा टॉवर नाही, असं झालं तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. बीएसएनएलच्या सिमवर चाललेल्या राउटरवरून तुमच्या जिओ-एअरटेलच्या नंबरवर फोन येतो. घरी असतानाच ते चालू करून एकदा तपासून ठेवा.

ढग गडगडायला लागले की खांब खाली, केबल राउटरमधून काढा आणि बाहेरचं टोक बाजूला ठेवा. माळव्यात जूनपासूनच्या विजा थट्टेवारी नेण्यासारख्या नाहीत. जो खांब सर्वांत उंच, त्यावर आधी.

जे करू नये

ऑनलाइन मिळणारा ‘मोबाइल सिग्नल बूस्टर’ घेऊ नका. परवान्याशिवाय तो लावणं भारतात गुन्हा आहे, आणि त्याला कारणही आहे: असला बूस्टर टॉवरच्या कानात गोंगाट ओततो आणि शेजारच्या पन्नास जणांचे फोन तुटतात. राउटरला जोडलेला साधा अँटेना हा बूस्टर नव्हे. त्याला अडचण नाही. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला सॅटेलाइट फोन किंवा तिथल्या खात्यावरचा सॅटेलाइट इंटरनेटचा संचही व्हॅनमध्ये नको. सॅटेलाइट फोन परवानगीविना बाळगल्याबद्दल विमानतळांवर लोक पकडले गेले आहेत.

व्हॅनमधल्या कॅमेऱ्याकडे बाहेरून बघायचं असेल तर राउटरमध्ये पोर्ट उघडत बसू नका. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात, बाहेरून दार सापडतच नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केल (खाजगी, सुरक्षित जोडणी करून देणारे प्रोग्राम) राउटरवर चढवा. जोडणी आतून बाहेर जाते, म्हणून चालते.

निघायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर गूगल मॅप्समध्ये इंदूरपासून पचमढीपर्यंतचा भाग ऑफलाइन उतरवा, लॅपटॉपची अपडेटं करून घ्या आणि मग त्यांना थांबवून ठेवा. विंडोजमध्ये राउटरची जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून खूण करा, फोनांत फोटोंचा बॅकअप ‘फक्त घरच्या वायफायवर’ नसतो, तो कोणत्याही वायफायवर चालतो, म्हणून तो पूर्ण बंद करा. नाहीतर इंदूरच्या सराफ्यात काढलेले फोटो पातालकोटजवळच्या तामियात अपलोड होतील आणि सकाळच्या मीटिंगला ६४ केबीपीएस उरेल.